लाइनीतली वीट

इंग्रजीच्या मोठ्या शब्दकोशात ‘लाइन’ या शब्दाला जेवढी जागा दिलेली आहे, तेवढी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आम्हा पाच माणसांना मिळून नव्हती. हा शब्दकोश मी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी हप्त्याने घेतला. धुळ्याच्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवत होते आणि शिक्षिकेच्या घरात एक तरी जाड पुस्तक असलं की पालक जरा दबून बोलतात, असं मला कुणीतरी सांगितलं होतं. पालक काही दबले नाहीत. मी मात्र त्या पुस्तकात अडकले, ती अजून निघालेली नाही.

पहिल्या दिवशी मी त्यात ‘लाइन’च शोधला, कारण लहानपणी सर्वांत जास्त ऐकलेला इंग्रजी शब्द तोच होता. वडील रेल्वेत गँगमन. रुळांच्या देखभालीला जायचे त्याला ‘लाइनीवर जाणं’ म्हणत. आम्ही राहायचो तीही लाइनच, क्वार्टरांची एकसारखी ओळ. पलीकडे पोलिसांची लाइन. नळावर हंड्यांची लाइन. मोठा भाऊ दहावीत गेला तेव्हा शेजारचे विचारू लागले, पोरगा कोणती लाइन घेणार? आई म्हणायची, हा लाइनीवर येईल तेव्हा खरा. त्यापुढच्या वर्षी तो पलीकडच्या क्वार्टरमधल्या एका मुलीला लाइन मारतो असं कळलं आणि वडिलांनी त्याला एका संध्याकाळीत लाइनीवर आणलं. आजोबांच्या गावी, दोंडाईच्याजवळ, विजेलाही लाइनच म्हणतात. लाइन आली की मोटर सुरू, लाइन गेली की गप्पा सुरू. गवंडी विटा सरळ याव्यात म्हणून जी दोरी ताणतो तिला लाइनदोरी म्हणतात. पुढे शब्दकोशाने मला सांगितलं की ‘लाइन’ म्हणजे मुळात दोरीच. म्हणजे आमचा गवंडी एकच गोष्ट दोनदा म्हणतो, आणि त्याची भिंत सरळ येते.

मूळ लॅटिन. तिकडे जवसाच्या झाडाला जे नाव होतं, त्यावरून जवसाच्या धाग्याचं नाव पडलं. त्या ताणलेल्या धाग्यावरून सरळ रेघ, रेघेवरून ओळ, ओळीवरून रांग, रूळ, तार, वंश, धंदा, सैन्याची आघाडी, कवितेची ओळ, तळहातावरची रेषा. कोटाच्या आतल्या अस्तराला शिंपी लायनिंग म्हणतो तेही तिथलंच, कारण पूर्वी आतून जवसाच्या धाग्याचं कापड लावत. मी सुट्टीत भुसावळला गेले तेव्हा हे सगळं आईला सांगितलं. ती नेमकी जवसाची चटणी कुटत होती.

“मग हिला काय म्हणायचं आता?” तिने विचारलं.

“चटणीच म्हण.”

“मग एवढं जाड पुस्तक कशाला घेतलं?”

शाळेत आमचे एक पर्यवेक्षक होते. कोट घालून येत, धुळ्याच्या उन्हाळ्यातसुद्धा. इंग्रजी शब्द मराठी माणसाने त्याच्या शुद्ध अर्थानेच वापरावा, असा त्यांचा आग्रह होता. ‘लाइट गेली’ म्हणणाऱ्या मुलांना ते उभं करत. एकदा शिक्षकांच्या बैठकीत त्यांनी ‘लाइन’चे आमच्याकडचे उपयोग वाचून दाखवले आणि खेदाने मान हलवली. मी म्हटलं, सर, शुद्ध अर्थच हवा असेल तर या शब्दाची पेरणी करावी लागेल, कारण तो जवस आहे. आणि ज्यांची ती भाषा त्यांनीच त्या जवसाचं पुढे काय काय केलं ते याच शब्दकोशात पानंच्या पानं छापलंय. इंग्रजांनी दोरीचा रूळ केला तर चालतं, आम्ही रुळाची वीज केली तर बिघडतं, हे कोणी ठरवलं? पर्यवेक्षकांनी चहा मागवला. त्या वर्षीच्या माझ्या गोपनीय अहवालात ‘वादविवादाची आवड’ असं लिहिलेलं होतं. ते मला गुण म्हणून लिहिलंय असंच मी धरून चालले.

पण या शब्दाचा जो अर्थ आमच्या घरात सगळ्यांत जपला गेला, तो रांगेचा. त्याला कारण आहे. आजोबांच्या गावात विहिरीवर आमच्या हंड्यांना लाइन नव्हती. बाकीच्यांच्या हंड्यांना होती. आमची आजी विहिरीपासून लांब हंडा ठेवून बसायची आणि कुणाच्या मनात आलं की वरून पाणी ओतलं जायचं. अकराला येवो की एकला. कुणी लवकर आलं, कुणी उशिरा, याला अर्थच नव्हता. आजोबा-आजी पुढे बौद्ध झाले, वडील रेल्वेत लागले, आम्ही क्वार्टरमध्ये आलो आणि आजी पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आली. सकाळी नळावर गेली. तिच्या पुढे एका तिकीट तपासनिसाच्या बायकोची कळशी होती, मागे एका फिटरच्या बायकोची बादली. आजीचा हंडा मधे. कोणी काही म्हटलं नाही. नंबर आला, तिने पाणी भरलं, घरी आली आणि रिकाम्या पातेल्या घेऊन परत लाइनीत जाऊन उभी राहिली. घरात पाणी ठेवायला भांडं उरलं नाही तोवर ती लाइन लावत होती. आई कावली. वडील म्हणाले, “राहू दे तिला.”

म्हणून लाइन मोडणारा माणूस दिसला की आम्हा भावंडांचं डोकं फिरतं. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात आम्ही दोघं जरा तापट वाटू.

गेल्या जूनमधली गोष्ट. भाऊही पुढे वडिलांसारखाच रुळांवर लागला आणि रिटायर झाला. एकदा रूळ उचलताना त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली. अपंगत्वाचा दाखला काढ, असं मी त्याला वीस वर्षं सांगत होते. तो म्हणायचा, मी अपंग कुठाय, मला तीन बोटं कमी आहेत. शेवटी या वर्षी तयार झाला. जळगाव आणि धुळ्याच्या मधल्या एका गावात तपासणीचं शिबिर होतं. गावाचं नाव सांगत नाही, आयोजकांचं तर त्याहून नाही. मंगल कार्यालयाच्या दारावर त्यांचे इतके मोठे फोटो होते की त्यांना आणखी प्रसिद्धीची गरज नाही. तो भुसावळहून आला, मी धुळ्याहून गेले. सकाळी साडेसहाला भेटलो.

“मास्तरीण,” भाऊ म्हणाला, “आपण उशिरा आलो.”

मंगल कार्यालयाच्या फाटकापासून आतल्या दारापर्यंत लाइन लागली होती. माणूस एकही नव्हता. चपला, पिशव्या, दगड, एक हेल्मेट, अर्धी भरलेली पाण्याची बाटली, एक काळी छत्री. एका माणसाने आपली एक कुबडी लाइनीत आडवी ठेवली होती आणि दुसरीवर तो चहा प्यायला गेला होता. सगळ्यांत शेवटी पिवळ्या फडक्यात बांधलेली वीट.

ज्यांनी आमच्याकडच्या सरकारी दारांत दिवस काढलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. ही पद्धत जुनी आहे आणि तिचे नियम कुठे लिहिलेले नाहीत. वस्तू लाइनीत उभी राहते, माणूस सावलीत बसतो. वस्तूला कोणी हात लावत नाही. आपला कितवा नंबर हे कोणालाच माहीत नसतं. प्रत्येकाने दोनच गोष्टी लक्षात ठेवायच्या, आपल्या पुढे काय आहे आणि मागे कोण आलं.

भावाने विटेमागे जेवणाचा डबा ठेवला. लिंबाखाली बसलेली एक बाई तिथूनच म्हणाली, “हाई वीट मन्ही शे, भाऊ. ध्यानमा ठेवा.”

“ठेवली,” भाऊ म्हणाला. “आणि हा डबा माझा. भूक लागली तरी हात लावायचा नाही.”

ती एरंडोलकडच्या एका खेड्यातली, शेतमजुरी करणारी बाई. सोबत सातेक वर्षांची मुलगी. मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही. ती मातीत काडीने काहीतरी काढत होती आणि मधेमधे मान वर करून आमची तोंडं बघत होती. बोलता बोलता सगळं कळलं. कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत मुलीला जागा मिळाली होती. तपासणीचा सही-शिक्क्याचा कागद तेवढा हवा. बाई त्यासाठी दोनदा जिल्ह्याला जाऊन आली होती. एकदा यंत्र बंद होतं, एकदा तिचा नंबर यायच्या आत वेळ संपली. शिबिरात डॉक्टर यंत्रासकट येणार होते आणि चारला परत जाणार होते. तो शुक्रवार होता.

“शाळावाला म्हने, सोमवारपावत कागद आना,” ती म्हणाली. “नही तर जागा दुसराले.”

मग तिने आपल्या पुढे काय आहे ते एकदा बघून घेतलं. काळी छत्री. तिची मालकीण एक म्हातारी, बाजूलाच पाय पसरून बसली होती. “मी कुठं जात नाही बाई,” म्हातारी म्हणाली, “तू नको घोर करू.”

नऊच्या सुमारास आम्ही सगळे, म्हातारीसुद्धा, पलीकडे चहाला गेलो. परत आलो तर लाइन नव्हती.

गळ्यात पट्टे घातलेले आठ-दहा कार्यकर्ते फाटकापासून दारापर्यंत लाल जाजम अंथरत होते. प्रमुख पाहुणे त्यावरून चालणार होते. त्या पोरांनी काहीही फेकलेलं नव्हतं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. उलट फार व्यवस्थितपणे काम केलं होतं. चपलांचे जोड लावून त्या स्टँडवर मांडल्या होत्या. दगड आणि वीट झाडाच्या आळ्याशी रचली होती. पिशव्या एका टेबलावर, छत्री खिळ्याला. माझ्यासमोर एकाने त्या स्टँडचा मोबाइलवर फोटो काढला.

“किती पसारा करून ठेवतात लोक,” तो म्हणाला.

“तो पसारा नव्हता, ती लाइन होती,” मी म्हटलं.

“लाइन? माणूस तर कोणीच नव्हतं, मॅडम.” तो खरंच गोंधळला होता. “बरं, टोकन देतोय आता. घ्या पटापट.”

दाराशी एकजण टोकनांचं पुस्तक घेऊन उभा राहिला आणि गर्दी त्याच्यावर गेली. अपंगांच्या शिबिरात पळता कोणाला येतं? ज्यांना येतं ते पुढे गेले. कुबडीवाला माणूस दुसरी कुबडी शोधत होता. म्हातारीने छत्रीसाठी खिळ्याकडे हात केला, पोचला नाही. विटेची बाई मुलीला कडेवर घेऊन गर्दीच्या कडेला उभी होती. आत शिरायचं तर मुलीला खाली ठेवावं लागणार होतं.

तेव्हा भाऊ फाटकाजवळच्या ओट्यावर चढला.

त्यांच्या गँगमध्ये एक रीत होती, वडिलांच्या वेळेपासून. काम चालू असताना गाडी आली की सगळे रुळांवरून बाजूला होत, कोणी इकडे, कोणी तिकडे. गाडी गेली की धुरळ्यात डोकी मोजत बसायची नाहीत. प्रत्येकाने फक्त आपल्या डाव्या हाताला कोण होतं त्याचं नाव घ्यायचं. एक जरी नाव आलं नाही तरी लगेच कळे. मोजताना माणूस चुकतो, भाऊ सांगायचा, शेजारी चुकत नाही.

“ऐका रे,” तो ओरडला. रुळांवर आयुष्य काढलेल्या माणसाचा आवाज, माईकची गरज नव्हती. “कोणी आपला नंबर सांगू नका. तुमच्या पुढं काय होतं तेवढं सांगा. मी डबा. माझ्या पुढं पिवळ्या फडक्यातली वीट.”

मग ती बाई मुलीसकट पुढे आली. “वीट मन्ही. मना पुढे काळी छत्री.”

“छत्री माझी,” म्हातारी म्हणाली. “माझ्या पुढं ते डोक्यात घालायचं टोपलं होतं.”

“हेल्मेट, आजी.”

“तेच ते.”

“हेल्मेट माझं. पुढं एक कुबडी.”

“कुबडी इथं आहे, पण तिची बहीण सापडत नाही,” कुबडीवाला म्हणाला आणि लोक हसायला लागले. हसता हसता माणसं एकामागे एक येऊन उभी राहत होती. “माझ्या पुढं बाटली.” “बाटली माझी, पुढं दोन पट्ट्यांची निळी चप्पल.” “निळी चप्पल कोणाची?” मग डब्याच्या मागचे आले. पाव तासात सगळी लाइन परत लागली. मी टोकाला जाऊन मोजली तेव्हा कळलं, आपण चाळीसजण आहोत आणि ती बाई तिसावी.

फक्त एक माणूस जास्त निघाला. पांढरे इस्त्रीचे कपडे, सोबत जाड चष्म्याचे वडील. तो छत्री आणि वीट यांच्या मधे येऊन उभा राहिला.

“तुमच्या पुढं काय होतं?” भावाने विचारलं.

“छत्री.”

“आजी, तुमच्या मागं काय होतं?”

“ईट. पिवळ्या फडक्यातली.” म्हातारीने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “हा नव्हता बा. एवढा पांढरा माणूस पाहिला असता तर ध्यानात राहिला असता.”

“मी दगड ठेवला होता.”

“कसा होता दगड?”

“कसा म्हणजे? दगडासारखा.”

“कोणाच्या मागं दगडासारखा दगड होता का?” भावाने लाइनीला विचारलं. कोणाच्याच नव्हता. तो माणूस वडिलांचा हात धरून शेवटी गेला, आणि हेही सांगायला हवं की तिथे गेल्यावर त्याने पुढच्याला विचारलं, “तुमचं काय होतं?” “हवाई चप्पल. डाव्या पायाची.” “बरं,” तो म्हणाला, आणि त्याच्या मागे उभा राहिला. म्हणजे आता आम्ही एक्केचाळीस.

टोकनवाल्याला आम्ही सांगितलं की टोकन घेतो, पण या लाइनीने. तो म्हणाला, काही टोकनं वाटून झाली आहेत. ज्यांनी घेतली होती त्यांनी एकेक करून परत आणून दिली. एकाने फाडून खिशात टाकलं आणि तो आपल्या जागी, हेल्मेटच्या पुढे चार माणसं सोडून, उभा राहिला. तेवढ्यात गाड्यांचे भोंगे वाजले आणि टोकनवाला टोकनं तशीच टेबलावर टाकून हार आणायला पळाला.

उद्घाटन दहाला होतं. पाहुणे साडेअकराला आले. लाल जाजमावरून चालताना त्यांनी दोन्ही बाजूंना नमस्कार केला. एका बाजूला आम्ही होतो, दुसऱ्या बाजूला चपलांचा स्टँड. समई लागली, वारा होता, परत लागली. मग सत्कार. तपासणीला आलेल्या चारही डॉक्टरांना स्टेजवर बसवून शाल, नारळ दिले, त्यामुळे तपासणी सुरू व्हायचा प्रश्न नव्हता. नारळ हातात घेऊन कोणाचे कान तपासता येत नाहीत. भाषणात पाहुणे म्हणाले की समाजाच्या शेवटच्या घटकापर्यंत पोचल्याशिवाय ते थांबणार नाहीत. मी मागे वळून पाहिलं. शेवटचा घटक पांढऱ्या कपड्यांत उभा होता आणि घड्याळ बघत होता.

भाषणं संपत आली तसे एक आयोजक फोटोग्राफरला घेऊन लाइनीकडे आले. त्यांची नजर मुलीवर थांबली.

“ही छोटी आहे ना, हिची तपासणी आत्ता करून घेऊ. साहेबांच्या हस्ते कागद देऊन टाकू, साहेबांना निघायचंय. चला, ताई.”

बाई जागची हलली नाही. एक वाजून गेला होता. तिच्या पुढे एकोणतीस माणसं. चारला डॉक्टर जाणार. हिशेब तिला येत होता, मलाही येत होता. मी, जिच्या घरात लाइन हा शब्द एवढा जपला गेला, तीच मी तिच्या कानाशी वाकून म्हणाले, “जा बाई. सोमवार आहे. कोणी काही म्हणणार नाही.” म्हातारीही म्हणाली, “जाय, मी सांगते सगळ्यांना.”

“बठ्ठा सकायपासून बठेल शेतस,” बाई पुढच्या सगळ्यांकडे हात करून म्हणाली. “त्यास्ना पुढतून कशी जाऊ?”

“अहो, मुलीचा विचार करा,” आयोजक म्हणाले.

“तिनाच करस,” ती म्हणाली. “मन्ही पोरले ऐकू येत नही. पन ती देखस.”

मुलगी तेव्हा खरंच बघत होती. आयोजकांच्या तोंडाकडे, मग आईच्या. आयोजकांनी हात झटकला. “मग बसा.” आणि ते गेले. शेवटी फोटो असा निघाला की पाहुण्यांनी स्वतःच्याच कानाला तपासणीचं यंत्र लावलंय आणि डॉक्टर बाजूला हसतायत. त्यांना ऐकू येत होतं. तेवढी एक तपासणी दीडच्या आत झाली.

भावाने डबा उघडला आणि आम्ही पोळ्या वाटून खाल्ल्या. सगळ्यांत मोठी पोळी त्याने मुलीला दिली.

दीडला तपासणी सुरू झाली. डॉक्टर भराभर काम करत होते, त्यांना नावं ठेवता येणार नाहीत. बाटली आत गेली, कुबडी गेली, हेल्मेट गेलं. आम्ही एकमेकांना आता वस्तूंच्या नावानेच ओळखत होतो. छत्री आत गेली तेव्हा पावणेचार होऊन गेले होते. ती बाहेर आली आणि तिच्या मागोमाग एक शिपाई आला.

“चार वाजले. राहिलेल्यांनी पुढच्या शिबिराला या.”

शेवटच्या मुदतीला इंग्रजीत डेडलाइन म्हणतात. जुन्या काळी तिकडच्या एका युद्धात कैद्यांच्या तळावर कुंपणाच्या आत एक रेघ असायची. ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालत. पुढे ती रेघ वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत गेली, तिथून सगळीकडे. हे मी वर्गात गंमत म्हणून सांगत आले. त्या दिवशी विटेच्या बाईचा चेहरा पाहिला आणि ठरवलं, यापुढे गंमत म्हणून सांगायचं नाही.

ती ओरडली नाही. रडलीही नाही. “मी आठेच बठसू,” एवढं म्हणाली, आणि दाराच्या समोर मुलीला मांडीवर घेऊन खाली बसली. भाऊ तिच्या मागे बसला. मी त्याच्या शेजारी. आमच्या मागचे सगळे बसले. डॉक्टरांची जीप फाटकाबाहेर होती, आणि फाटकापर्यंत जायची वाट लाइनीतून जात होती.

आयोजक आले. “हे काय चालवलंय?”

“उद्घाटन दहाला होतं,” भाऊ बसल्या बसल्या म्हणाला. “साडेअकराला झालं. दीडपर्यंत भाषणं. तो वेळ आमचा होता, साहेब. तेवढा परत द्या, आम्ही उठतो.”

“तुम्ही कोण?”

“मी डबा.”

मागून हसण्याचा आवाज आला. आयोजकांना कळेना हा अपमान आहे की नाव. “डॉक्टर काय तुमचे नोकर आहेत?” ते म्हणाले.

“नाहीत ना. म्हणून तर त्यांना कोणी स्टेजवर बसवून ठेवायला नको होतं.”

तेवढ्यात कान तपासणारी डॉक्टर बाहेर आली. तिशीची असेल. सकाळची शाल अजून हातात होती, कुठे ठेवावी हे तिला कळत नसावं. “अजून कितीजण आहेत?” तिने शिपायाला विचारलं.

शिपायाने मोजायला सुरुवात केली आणि थांबला. छत्रीवाली म्हातारी घरी गेली नव्हती, ती बाईच्या पुढे येऊन परत बसली होती. तिच्या पुढे हेल्मेटवाला. त्याच्या पुढे दोन्ही कुबड्या शेजारी आडव्या ठेवून तो माणूस. दुपारपासून ज्याचं काम झालं तो उठून गेलाच नव्हता, हे आमच्याही तेव्हाच ध्यानात आलं. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं.

“सगळेच आहेत, मॅडम,” शिपाई म्हणाला.

डॉक्टरने त्या सगळ्या लाइनीकडे फाटकापर्यंत पाहिलं. मग आयोजकांकडे पाहिलं. शाल त्यांच्या हातात दिली. “यंत्र परत लावा,” ती शिपायाला म्हणाली, “आतल्या तिघांनाही थांबायला सांगा, आणि चहा पाठवा.” मग मुलीसमोर उकिडवी बसली, तिला आपलं तोंड नीट दिसेल अशी, आणि हाताने ‘चल’ अशी खूण केली.

मुलगी वीस मिनिटांनी बाहेर आली. बाईच्या हातात कागद होता. तिने तो मला वाचायला दिला. मी नाव बघितलं, वय बघितलं, सही बघितली, शिक्का बघितला. सगळं बरोबर होतं. तिने त्याची घडी घातली नाही, तसाच सरळ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला आणि पिशवी पोलक्यात. भाऊ आत गेला आणि आपल्या कमी असलेल्या बोटांची रीतसर नोंद करून आला. त्याच्या मागचा आत गेला.

“माय, तू निघ आता,” भाऊ तिला म्हणाला. “तुझ्या गावची शेवटची गाडी जाईल.”

ती म्हातारीच्या मागे, आपल्या जागी बसली आणि मुलीला शेजारी बसवलं.

“मांगे अजून दहा जन शेतस,” ती म्हणाली. “आपन उठनूत तर डॉक्टरबी उठी जाई.”

“गाडी?”

“जाऊ दे गाडी. पायी निंघसूत, कोनी भेटी.”

हेल्मेटवाला पुढून म्हणाला की त्याचा भाऊ टेम्पो घेऊन यायचाय, एरंडोलवरूनच जाणार आहे. म्हातारीने विचारलं, माझं गाव वाटेत येतं का? येत नव्हतं. नेऊ म्हणाला.

आयोजक निघून गेले. पोरांनी लाल जाजम गुंडाळलं, आम्ही बसलो होतो तेवढं सोडून. शिपाई दर थोड्या वेळाने दारात यायचा, कितीजण उरले ते बघायला, आणि तेवढेच दिसले की परत आत जायचा. साडेसहाला पांढऱ्या कपड्यांतल्या माणसाने वडिलांचा हात धरून त्यांना आत नेलं. तेव्हा बाहेर चाळीस माणसं बसलेली होती, आणि त्यांतल्या एकाचंही काम शिल्लक नव्हतं.